‘एस्टेट टाऊन’ला मराठीत काय म्हणावे?

आयर्लंडच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना ‘एस्टेट टाऊन’साठी, म्हणजे जमीनदाराने आपल्या जमिनीवर आखून वसवलेल्या गावासाठी, ‘इस्टेट-नगर’ चालेल का, असा प्रश्न आला आहे.

मला तो शब्द पटत नाही. मराठीत ‘इस्टेट’ म्हटले की भावाभावांतली वाटणी आठवते. ‘वसाहत’ म्हणावे तर औद्योगिक वसाहत समोर येते, आणि आयर्लंडच्या संदर्भात त्या शब्दाला इंग्रजी सत्तेचा वेगळाच अर्थ चिकटतो. मी ‘जमीनदाराची पेठ’ म्हणेन.

पेठ आपोआप होत नाही, कोणीतरी ती वसवतो. पेशवाईत कौल, म्हणजे लेखी अभयवचन देऊन, काही वर्षे करमाफी देऊन व्यापाऱ्यांना बोलावत. सदाशिव पेठ, नाना पेठ ही नावे माणसांचीच आहेत. अठराव्या शतकातला आयरिश जमीनदारही हेच करी: रुंद सरळ रस्ते आखायचे, मधे बाजारचौक, बाजाराची इमारत, चर्च, आणि दोन्ही बाजूंची जागा पट्ट्याने, म्हणजे मुदतीच्या भाडेकराराने द्यायची. घर पट्टेदाराने स्वतःच्या खर्चाने बांधायचे. फरक मालकीचा. पेठेचा वसूल सरकारात जाई, इथे जमीन आणि भाडे दोन्ही जमीनदाराचे. म्हणून ‘जमीनदाराची’ हे विशेषण गाळू नये.

याच व्यवहारातला ‘लीझ फॉर लाइव्ह्ज’ मात्र सुरेख मराठीत येतो: ‘तीन हयातींचा पट्टा’. पट्ट्यात तीन माणसांची नावे घालत, आणि त्यांतले शेवटचे माणूस जिवंत असेतो पट्टा चाले. लोक त्यात लहान मुलांची नावे घालत, म्हणजे मुदत लांबे. आपल्याकडे हयातीचा दाखला अजून लागतो, त्यामुळे ‘हयात’ वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

क्रियापद ‘वसवणे’च ठेवा, आणि त्याची जोडी ‘उठवणे’. मेयो परगण्यातल्या वेस्टपोर्टला दोन्ही लागतात. तिथल्या जमीनदार ब्राउन घराण्याच्या वाड्याशेजारी जुने गाव होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते उठवले आणि थोड्या अंतरावर नवी पेठ वसवली: अष्टकोनी चौक, कॅरोबेग नदीला दगडी काठ, काठाने झाडांच्या रांगा. इंग्रजीत ती वेस्टपोर्ट झाली. आयरिश भाषेत मात्र आजही तिला त्या उठवलेल्या गावाच्याच नावाने ओळखतात: काहिर ना मार्त, म्हणजे गुरांचा कोट.