यंदा बर्फ वाढला, पुढच्या वर्षी घटला, मग खरं काय?

प्रश्न: अंटार्क्टिका हे जगातलं सगळ्यात कोरडं वाळवंट असं वाचलं होतं. मग मध्येच बातमी येते की यंदा तिथे भरपूर बर्फ पडला, वजन वाढलं, आणि नंतर परत उलटी बातमी. यातलं काय धरायचं?

उत्तर: दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात. गार हवेत वाफ मावतच नाही बघा, शून्य अंशाला हवेत जेवढी मावते त्याच्या शंभराव्या भागाइतकीसुद्धा उणे ५० ला मावत नाही, म्हणून आतल्या पठारावर वर्षभराचा बर्फ वितळवला तर ५० मिलिमीटरपेक्षा कमी पाणी निघतं. किनाऱ्याजवळ बरंच जास्त पडतं. पण खरी गंमत ही की हे थोडंथोडकंसुद्धा रोज थोडं थोडं येत नाही. अंटार्क्टिकाच्या बऱ्याच भागात सगळ्यात जोराचे १० टक्के दिवस वर्षाचा ४० टक्क्यांहून जास्त बर्फ टाकून जातात. म्हणजे दोन-चार मोठी वादळं चुकली की वर्ष कोरडं, आणि तीच आत घुसली की वर्ष भरघोस!

ही वाफ लांबच्या गरम समुद्रावरून चिंचोळ्या पट्ट्यात वाहत येते, तिला अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर म्हणतात, आकाशातली नदीच म्हणा ना. मार्च २०२२ मध्ये अशीच एक पूर्व अंटार्क्टिकात आतपर्यंत पोचली आणि आतल्या पठारावरच्या कॉन्कॉर्डिया या संशोधन केंद्रावर तापमान नेहमीपेक्षा जवळपास ४० अंशांनी चढलं, किनाऱ्याकडे बर्फ तर बदाबदा पडला. त्या वर्षी अख्ख्या खंडाच्या बर्फाचं वजन वाढलं, पण २००२ पासूनचा उपग्रहांचा हिशोब बघितला तर एकूण तोटाच आहे. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून कुणी 'बर्फ वाढतोय' म्हणालं की मला फार काळजी वाटते, निदान वीस-तीस वर्षं तरी समोर ठेवा हो.

मोजणंही सोपं नाही. बर्फात काठ्यांची रांग रोवतात आणि पुढच्या वर्षी वर किती उरली ते मोजतात, तर एक काठी अर्धी गाडली गेलेली असते आणि शेजारचीच्या बुंध्याशी वाऱ्याने उलट खड्डा पाडलेला असतो, कारण पडलेला बर्फ वारा उचलून दुसरीकडे नेतो. पडला किती आणि उडून आला किती, हे एका काठीवरून कळतच नाही, म्हणून ढीगभर काठ्या लावून सरासरी काढावी लागते.

प्रश्न: उत्तर ध्रुवाकडेही असंच असतं का?

उत्तर: चढउतार तिथेही आहेत, पण तिथे मधोमध समुद्र आहे हा मोठा फरक. समुद्रावरचं बर्फाचं झाकण एखाद्या वर्षी कमी झालं की उघड्या पाण्यातून वाफ जास्त उठते, त्यात अटलांटिकवरची वादळं कुठल्या वाटेने जातात तेही दरवर्षी बदलतं. शिवाय हवा तापतेय, आणि दर अंशामागे ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, त्यामुळे जिथे फक्त बर्फ पडायचा तिथे आता कधी कधी पाऊस होतो. १४ ऑगस्ट २०२१ ला ग्रीनलंडच्या माथ्यावर, ३,२०० मीटर उंचीवर, काही तास पाऊस पडला. तिथे पावसाची ही पहिलीच नोंद, आणि नेमका किती पडला ते मोजता आलं नाही, कारण पाऊस मोजायचं यंत्रच तिथे नव्हतं.