आज्जांची पदके: कर्नाटक की महाराष्ट्र हे नंतर, आधी कडेवरचा नंबर वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आज्जा निपाणीकडच्या गावातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून रिटायर झालेले, दोन वर्षांपूर्वी वारले. माळ्यावरच्या ट्रंकेत काचेची चौकट सापडली, तिच्यात पाच पदके, एक पाच टोकांच्या ताऱ्यासारखे. गावातले जाणते म्हणतात हे वीर चक्र, सरकारकडून लाखो रुपये यायचे राहिलेत. आणि तुम्ही विचारताय, अर्ज कर्नाटककडे करू की महाराष्ट्राकडे.

मी याच रेजिमेंटमध्ये क्लार्क होतो. सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि बेळगावातच राहिलो. अशी चौकट घेऊन महिन्याला एखादा तरी माणूस घरी येतो. तुमची चौकट मी पाहिलेली नाही, तरी अंदाज सांगतो: तो तारा वीर चक्र नसावा. आधी ते तपासा, राज्याचे नंतर बघू.

गाववाल्यांची चूक तशी समजण्यासारखी आहे, कारण वीर चक्रावरही पाच टोकांचा तारा उठवलेला असतो. पण ते पदक गोल आणि चांदीचे असते, ताऱ्याच्या मधोमध चक्र, मागच्या बाजूला ‘वीर चक्र’ हे पदकाचे नाव, आणि रिबन अर्धी गर्द निळी, अर्धी केशरी. महावीर चक्रही गोल, चांदीचे, त्यावर तसाच तारा, त्याची रिबन अर्धी पांढरी, अर्धी केशरी. तुम्ही रंग ‘तांबूस, काळपट’ लिहिलाय. चांदी काळी पडते, तांबूस होत नाही. ब्राँझचा पाच टोकांचा तारा म्हटला की आपल्या भागात तो बहुतेक १९७१ च्या लढाईचा पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार निघतो, नाहीतर १९६५ चा समर सेवा स्टार. हे त्या त्या मोहिमेत प्रत्यक्ष आघाडीवर असलेल्या सगळ्यांना मिळाले. एका माणसाच्या एका कृत्यासाठी ते दिलेले नाहीत.

मुळात पदकांचे दोन घराणे आहेत, हे एकदा डोक्यात बसले की निम्मा घोळ संपतो. एक शौर्याचे. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली. अशोक चक्राची मालिका १९५२ ची. तिच्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला कीर्ती चक्र, शौर्य चक्र ही नावे १९६७ मध्ये मिळाली. सेना मेडल १९६० चे. दुसरे घराणे सेवेचे: अमुक काळात, अमुक ठिकाणी तुम्ही हजर होता एवढेच ते सांगते. संग्राम मेडल, रक्षा मेडल, सैन्य सेवा मेडल, नऊ आणि वीस वर्षांच्या नोकरीचे मेडल, सगळे त्यातले. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला जो कोणी नोकरीत होता त्या प्रत्येकाला मिळाले, लंगरातल्या कुकपासून जनरलपर्यंत. अशा हजेरीच्या सेवा पदकाला पैसे नाहीत, केंद्राकडून नाहीत आणि राज्याकडूनही नाहीत. हे ऐकून लोकांचे तोंड उतरते, पण आधीच ऐकलेले बरे.

आता हातात भिंग घ्या. खरे, सरकारने दिलेले पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव उठवलेले असते. नाण्याची जी जाडी असते त्या कडेवर बघा. कड कोरी असेल तर ते बहुधा बाजारातून घेतलेले नक्कल पदक. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अस्सल पदके पेटीत ठेवून परेडला नक्कल लावणारे फौजी ढीगभर. कधी कधी अस्सल हातात पडायच्या आधीच माणूस रिटायर झालेला असतो, मग तो कँटोन्मेंटातल्या दुकानातून सेट शिवून घेतो. पण कोऱ्या कडेवर कोणताही अर्ज उभा राहत नाही.

कडेवर दुसऱ्याचेच नाव निघाले तर घाबरू नका. माझ्याकडे आलेल्या एका चौकटीत तीन माणसांची पदके होती: सासऱ्याचे, जावयाचे आणि पलटणीतल्या क्रॉस कंट्री शर्यतीतले एक. सगळ्यांना एकच काच.

आणि हो, ब्रासो लावू नका. नातवंडांना पहिली हुक्की तीच येते. घासून घासून कडेवरची अक्षरे जातात. जुनी रिबन फाटली म्हणून फेकूही नका. तिच्यावर कमळाच्या पानाच्या आकाराचा बारीक तुकडा टाचलेला आहे का बघा. तो असेल तर आज्जांचे नाव ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’मध्ये, म्हणजे लढाईच्या अहवालातल्या खास उल्लेखात, आलेले आहे. त्याचे वेगळे पदक नसते, ते पानच पदक. घरच्यांना तो रिबनीचा चाप वाटतो आणि नव्या रिबनीच्या नादात कचऱ्यात जातो. काही राज्ये त्यालाही अनुदान देतात, म्हणून सांगतोय.

धातू वाचून झाला की कागद. डिस्चार्ज बुक शोधा, म्हणजे नोकरी सुटताना फौजेकडून मिळालेले नोंदींचे पुस्तक. आजीच्या लुगड्यांखाली, पेन्शनच्या पासबुकासोबत बघा, तिथेच सापडते. त्यात पदकांचा रकाना असतो. चौकटीत जे आहे आणि रकान्यात जे आहे ते जुळवा. शौर्य पदक असेल तर त्याची भारताच्या राजपत्रात अधिसूचना निघालेली असतेच, साधारण २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या सुमाराची. संरक्षण खात्याची शौर्य पुरस्कारांची वेबसाइट आहे, तिच्यावर नावाने शोधता येते. बुक हरवले असेल तर आज्जांचा नंबर घालून रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. आपल्याला ते बरे आहे, रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. साताऱ्या-रत्नागिरीचे लोक एवढ्यासाठी रात्रीची गाडी पकडून येतात.

इथे माझी एक चूक सांगतो. सतरा-अठरा वर्षे झाली असतील. खानापूर तालुक्यातल्या एक वहिनी नवऱ्याचे सेना मेडल घेऊन आल्या. लाल रिबन, मध्ये पांढरी पट्टी, कडेवर नाव बरोबर. मी म्हटले झाले काम, आणि शौर्याचे म्हणून अर्ज लिहून दिला. रेकॉर्डमध्ये काम केलेला माणूस मी, मला कोण विचारणार! आठ महिन्यांनी अर्ज परत आला. सेना मेडल दोन प्रकारचे असते, एक शौर्याचे, एक कर्तव्यनिष्ठेचे, आणि दोन्ही दिसायला एकच. फरक फक्त कागदावर. त्यांचे दुसऱ्या प्रकारचे होते, भत्ता नाही. वहिनींनी त्या भरवशावर घरावर पत्रे घालायला उसने घेतले होते. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून राजपत्राची प्रत समोर आल्याशिवाय मी कुणाच्या अर्जाला हात लावत नाही.

पैशाचे दोन नळ आहेत, एक केंद्राचा, एक राज्याचा. केंद्राचा मासिक भत्ता १ ऑगस्ट २०१७ पासून दुप्पट झाला: परमवीर चक्राला २०,०००, अशोक चक्राला १२,०००, महावीरला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्याच्या सेना मेडलला २,००० रुपये. माणसामागे तो पत्नीला चालू राहतो. मुला-नातवाला वारसा हक्काने मिळत नाही. म्हणजे तुमच्या आजी आहेत तोवर प्रश्न त्यांचा आहे, तुमचा नाही. अर्जही त्यांच्याच नावाने गेला पाहिजे.

राज्याचे अनुदान वेगळे. रक्कम प्रत्येक राज्याची निराळी, आणि सरकारी आदेशागणिक बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे कोटीचे आकडे धरून बसू नका. चालू आदेश बघा, आणि तो कोणत्या तारखेनंतरच्या पदकांना लागू आहे ती ओळ आधी वाचा. बातमीत ती ओळ कधीच नसते.

आता तुमचा खरा प्रश्न. अनुदान सैनिकाच्या मूळ राज्याकडून मिळते. रेजिमेंटच्या नावावर ते ठरत नाही, मातृभाषेवर नाही, आणि रिटायर होऊन कोल्हापुरात प्लॉट घेतला म्हणूनही बदलत नाही. ‘मराठा’ रेजिमेंट म्हणजे महाराष्ट्र सरकार, असे धरून आपली माणसे कोल्हापूरच्या कार्यालयात हेलपाटे घालतात. १ नोव्हेंबरला आपण सीमाभागातले मराठी लोक काळा दिवस पाळतो ते मी तुम्हाला सांगायला नको, माझेही मत तुमच्यापेक्षा वेगळे नाही. पण गाव आज बेळगाव जिल्ह्यात आहे, तर दार बेळगावच्या सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्याचे. फॉर्म कन्नडमध्ये असेल. शेजारच्या कुणाकडून भरून घ्या, मी गेली वीस वर्षे तेच करतोय, कुणी नाही म्हटलेले नाही.

खरी गंमत आहे ती कागदावरच्या पत्त्यात. तुमचे आज्जा १९६० च्या दशकात भरती झाले असतील, तर डिस्चार्ज बुकात राज्य ‘म्हैसूर’ असेल. ते म्हैसूर शहर नव्हे. १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत कर्नाटकाचे नावच म्हैसूर राज्य होते. तालुका चिकोडी असेल, कारण निपाणी तालुका अलीकडचा. जिल्हा ‘बेलगाम’, कारण बेळगावी हे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे. एकाच गावाचे तीन पत्ते, आणि टेबलापलीकडचा पोरगा म्हणतो की हे जुळत नाही. म्हणून तहसीलदार कचेरीतून आधीच दाखला घ्या की जुना पत्ता आणि आजचा पत्ता एकाच गावाचा. त्याहून मागे गेलात तर आणखी मजा. १९५६ पूर्वी भरती झालेल्या निपाणीच्या माणसाच्या कागदावर ‘मुंबई राज्य’, आणि तो आज कर्नाटकात. चंदगडच्या माणसाच्या कागदावर ‘जिल्हा बेळगाव’, आणि तो आज महाराष्ट्रात, कारण १९५६ मध्ये चंदगड तालुका बेळगावातून काढून मुंबई राज्यात ठेवला. तेव्हा कागदावरचे राज्य वाचू नका, गावाचे नाव वाचा आणि ते गाव आज कुठे आहे ते बघा.

अशीच एक गफलत ‘ऑपरेशन विजय’ची. या नावाच्या मोहिमा दोन झाल्या. १९६१ ची गोव्याची, जिची जमवाजमव इथे बेळगावातच झाली होती, आणि १९९९ ची कारगिलची. ऑपरेशन विजय स्टार आणि मेडल ही दुसरीची. गोव्यावर गेलेल्या माणसाला सामान्य सेवा मेडल मिळाले, रिबनीवर ‘गोवा १९६१’ची पट्टी असलेले. आज्जा गोव्यात होते म्हणून विजय स्टार मागणारे अर्ज मी पाहिलेत.

पदक खरोखर मिळाले नसेल किंवा चोरीला गेले असेल, तर पोलिसांकडची नोंद आणि अ‍ॅफिडेव्हिट जोडून रेकॉर्ड ऑफिसमार्फत दुसरी प्रत मागता येते, तिचे पैसे भरावे लागतात. ‘दिल्लीहून काढून देतो’ म्हणत दहा-दहा हजार घेणारे एजंट हल्ली गावोगाव फिरतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. यातल्या कुठल्याही कामाला टपालखर्च आणि झेरॉक्सपलीकडे फारसे लागत नाही.

शाळेच्या झेंडावंदनाला पदके छातीला लावून जाऊ का, असेही तुम्ही विचारलेय. जा. पण डाव्या छातीवर फक्त स्वतः मिळवलेली लावतात. गेलेल्या माणसाची पदके घरच्यांनी उजव्या बाजूला लावायची. आजींनी लावली तर जास्त शोभेल. मंडळांनी शाल-श्रीफळासोबत दिलेली सन्मानचिन्हे, फेट्यावरचे बिल्ले त्या रांगेत मिसळू नका. ती शोकेसमध्ये राहू देत.

अंदाज खरा ठरला तर मला वाईट वाटणार नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. आपल्या शेजारच्या कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढत रस्ता मोकळा केला, आणि परमवीर चक्र जिवंतपणी स्वतःच्या हाताने घेतले. तसा माणूस पिढीत एखादा. पण त्या रस्त्याने पुढे जी पलटण गेली तिच्यातही माणसेच होती. तुमचा तारा पूर्वी स्टार निघाला आणि डिस्चार्ज बुकात पलटण पहिली असेल, म्हणजे आमची जंगी पलटण, तर आज्जा डिसेंबर १९७१ मध्ये आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला असण्याची बरीच शक्यता आहे. तिथे आपल्या ब्रिगेड कमांडरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, आणि पलीकडच्या पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. त्यानंतरच्या रात्री काय झाले ते ऐकायचे असेल तर आजींना विचारा. आज्जांनी घरात दुसऱ्या कुणाला सांगितले नसेल, पण त्यांना नक्की सांगितले असणार.

पाचही पदकांचे पुढचे, मागचे आणि कडेचे फोटो उन्हात काढून मला मेसेजमध्ये पाठवा. फ्लॅश नको, कडेवरची अक्षरे उजळून जातात. आज्जांचा नंबर इथे सगळ्यांसमोर टाकू नका. डिस्चार्ज बुक सापडले तर शनिवारी सकाळी घेऊन या. दहानंतर मी घरीच असतो.