प्रश्न तुमचे: काळ्या चौकटींसमोर उपासना

प्रश्न : ताई, सलाम. आमच्या मंडळीतली निम्मी घरं नोकरीनिमित्त लांब गेली आहेत. म्हणून लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातल्या) बुधवारच्या संध्याकाळच्या उपासना आम्ही ऑनलाइन घेतो. नियोजन माझ्याकडे असतं. गेल्या वर्षी लेंटच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, 38 घरं जोडली गेली होती, पाचव्या बुधवारी उरली 11. त्यातही बहुतेकांचे कॅमेरे बंद. काळ्या चौकटींसमोर मी स्तोत्र वाचत होते आणि पलीकडे कुणी ऐकतंय की नाही तेही कळत नव्हतं. सगळ्यांनी मिळून गीत गायला गेलो, तर नुसता गोंधळ. सासूबाई म्हणतात, "ही उपासना नव्हे, उपासना बघणं आहे." मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि त्याचाच त्रास होतो. यंदा काय करू?

उत्तर : सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. त्यांना नाराज ठरवून बाजूला बसवू नका. यंदाच्या तयारीत पहिलं मत त्यांचंच घ्या.

मी हे 2020 साली शिकले. त्या वर्षी 26 फेब्रुवारीला राखेचा बुधवार आम्ही बाकांवर खेटून बसून पाळला, आणि 12 एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) आला तेव्हा चर्चला कुलूप होतं. मंडळीत गाण्यांची जबाबदारी माझी. सुरुवातीचे आठवडे आम्ही एवढंच केलं, की पाळकसाहेबांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि नेहमीची उपासना पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवली. लोक फोन ओट्यावर टेकवून भांडी घासत ऐकायचे. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्यांचं काय चुकलं? आम्ही त्यांच्या हाताला दुसरं काही दिलंच नव्हतं.

चर्चमध्ये माणूस उठतो, गुडघे टेकतो, पुस्तक उघडतो, शेजारच्याशी हात मिळवतो. पडद्यासमोर हे सगळं गळून पडतं आणि उरतात ते फक्त कान. म्हणून प्रत्येक बुधवारी प्रत्येक घराला करायला एक तरी गोष्ट द्या.

2021 मध्ये 17 फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता. राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांची करायची, पण 2020 च्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी, जेव्हा चर्चमध्ये झावळ्या वाटतात) कुणाला झावळ्या मिळाल्याच नव्हत्या. मग बायबलात, तसबिरीमागे जपून ठेवलेल्या 2019 च्या झावळ्या शोधून जाळल्या आणि चिमूट चिमूट राख कागदाच्या पुड्यांत बांधून घरोघर पोचवली. उपासनेत पाळकसाहेबांनी फक्त शब्द म्हटले, की तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील. राख घरच्यांनी एकमेकांना लावली. आमच्या एका घरात सात वर्षांच्या नातीने आजीच्या कपाळावर क्रूस काढला. मध्येच तिचं बोट थांबलं आणि तिने विचारलं, "आजी, तू खरंच माती होणार?" माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. आजी म्हणाली, "होणार. तूसुद्धा. आता तो क्रूस पुरा कर." आमच्या मंडळीत लेंटवर झालेल्या उपदेशांत हा मी सर्वांत मोठा मानते.

एकट्या राहणाऱ्या एक बाई मात्र राखेत बोट बुडवून, हात तसाच वर धरून बसल्या होत्या. पाळकसाहेबांनी ते पाहिलं, त्यांचं नाव घेऊन शब्द पुन्हा म्हटले, आणि मगच त्यांनी ते बोट कपाळाला लावलं. तेव्हापासून आमच्याकडे एकट्या घरांची यादी असते आणि त्यातलं प्रत्येक नाव उच्चारलं जातं.

आता गाण्याचं. तो गोंधळ तुमचा दोष नव्हे, तो आवाजाच्या प्रवासाचा हिशेब आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना साधारण 30 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, म्हणजे दहाएक मीटरचं अंतर. व्हिडिओ कॉलवर उशीर सहज 150 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त होतो. म्हणजे पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या माणसाबरोबर ताल धरून गाण्यासारखं झालं. शिवाय अॅप लांबलेल्या सुराला गोंगाट समजून दाबून टाकतं. ऑर्गन तर मध्येच गिळल्यासारखा येतो. तेव्हा गीत एकाच घराने गावं, त्या घराने आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन गोंगाट कमी करणारी सोय बंद करावी, आणि बाकीच्यांनी माईक बंद ठेवून आपापल्या घरात मोठ्याने गावं. दर बुधवारी घर बदला. बेसूर असेल तरी बदला.

स्तोत्रं मात्र ऑनलाइन छान जमतात, कारण ती आळीपाळीने वाचता येतात. एक ओळ तुमची, पुढची एका घराची. कुणाचं घर केव्हा ते आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा. ज्याच्याकडे ओळ आहे तो उपासना चुकवत नाही. पश्चात्तापाचं 51 वं स्तोत्र तर या काळाचंच आहे. आणि प्रभूच्या प्रार्थनेला सगळ्यांचे माईक उघडा. हो, विस्कळीत होईल. कुणी "आज दे" वर, कुणी अजून "स्वर्गातील पित्या" वर. आमच्याकडे एका आजोबांचं "आमेन" सगळ्यांच्या नंतर, एकटंच येतं. एका बुधवारी ते आलं नाही, तर उपासना संपताच तिघांनी त्यांच्या घरी फोन लावला. (ताप होता, बरे झाले.)

शांततेची वेळ ठेवणार असाल तर आधी सांगा, "आता दोन मिनिटं शांत बसू", आणि कॅमेऱ्यासमोर पेटती मेणबत्ती ठेवा. नाहीतर निम्मे लोक नेटवर्क गेलं म्हणून बाहेर पडतात. सगळं मिळून अर्ध्या तासात संपवा. ज्यांना स्मार्टफोन जमत नाही त्यांना साध्या फोनवरून जोडून घ्या. कानाने हजर असलेला माणूसही हजरच असतो.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. राखेच्या बुधवारी जो शुभवर्तमानाचा भाग कितीतरी मंडळ्यांत वाचतात, तो मत्तयाचा सहावा अध्याय काढून बघा. प्रार्थना करायची तेव्हा आपल्या खोलीत जा, दार लाव आणि गुप्तवासी पित्याशी बोल, असं प्रभू तिथे सांगतो. काळ्या चौकटीमागे कुणी रडत असेल, कुणी गुडघ्यांवर असेल. 11 घरं उरली म्हणता. त्या 11 घरांची नावं घेऊन प्रार्थना करा आणि उरलेल्या 27 घरांना एकेक फोन करा, "आला का नाहीत" विचारायला नव्हे, "कशासाठी प्रार्थना करू" विचारायला.

सासूबाईंना माझ्याकडून एवढं सांगा, की त्यांची खंत बायबलातलीच आहे. योहानाच्या दुसऱ्या पत्रात तो वडील मनुष्य शेवटी लिहितो, की पुष्कळ लिहायचं आहे, पण कागद आणि शाईने नको; तुमच्याकडे येऊन तोंडोतोंड बोलेन. त्यालाही पत्र अपुरंच वाटत होतं. तरी त्याने ते लिहिलं.

प्रश्न : ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात पडद्यासमोर आपापल्या घरी भाकर आणि द्राक्षारस ठेवून प्रभुभोजन घ्यावं का? आमच्यात यावरून दोन तट पडलेत.

उत्तर : आधी तुमच्या पाळकांना विचारा, कारण यावर मंडळ्यांचे नियम खरोखर वेगवेगळे आहेत. 2020 मध्ये काही मंडळ्यांनी याला मोकळीक दिली, काहींनी स्पष्ट नकार दिला, आणि कॅथलिक भाविकांना आध्यात्मिक रीतीने ख्रिस्ताला स्वीकारण्याची जुनी प्रार्थना सुचवली गेली. कुठल्याच बाजूला अश्रद्ध म्हणू नका.

माझं मत विचाराल तर मी घेत नाही. चाळीस दिवस आपण कशाची तरी भूक सोसतोच. या मेजाची, म्हणजे प्रभुभोजनाची, भूकही मी त्यात धरते. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारच्या ऑनलाइन उपासनेत आम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, जिथे प्रभू शिष्यांचे पाय धुतो, तो वाचतो आणि घरातल्या घरात एकमेकांचे पाय धुतो. नवऱ्याचे पाय धुताना पहिल्या वर्षी माझा हात थरथरला होता, कारण सकाळीच आमचं भांडण झालं होतं आणि मी माफी मागितली नव्हती. ती घंगाळापाशी बसून मागितली.

मेज मात्र पुनरुत्थानाच्या रविवारी प्रत्यक्ष मांडा, आणि लांबच्या घरांना ती तारीख राखेच्या बुधवारीच कळवा. रजा काढायला आणि तिकीट मिळवायला एवढा वेळ लागतोच.