एक कोयता, दोन रिपोर्ट

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी केज तालुक्यातली. पत्र लेकीकडून लिहून घेतलंय. गावात शिबिर झालं तेव्हा आम्हा दोघांचं रक्त तपासलं. मला ४६ वर्षं, ह्यांना ५१. एचडीएल दोघांचं ४४ निघालं. ह्यांच्या कागदावर काहीच खूण नाही, माझ्या ४४ पुढं मात्र खाली जाणारा बाण. यूरिक ॲसिड दोघांचं ६.४, तिथं माझ्यापुढं वर जाणारा बाण. एका चुलीवरचं खातो, बारा वर्षं एकाच ट्रकात बसून कारखान्याला गेलो. मग आकडा तोच अन् बाण मलाच कसा? हे म्हणतात, लॅबवाला चुकलाय. माझं बाकीचं असं : ट्रायग्लिसराइड १९८, उपाशीपोटी साखर १०८, एचबीएवनसी ६.३, हिमोग्लोबिन ९.८. पिशवी ३४ व्या वर्षीच काढलीय, त्यामुळं पाळीची कटकट नाही.

उत्तर : ताई, लॅबवाला चुकलेला नाही. मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो, उचलही दोघांत एकच देतो. रक्ताचा हिशेब तसा होत नाही. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषात ४० च्या खाली गेलं तर कमी म्हणायचं, बाईत ५० च्या खाली गेलं की कमी. दाजींचे ४४ रेषेच्या वर बसतात, तुमचे खाली. यूरिक ॲसिडची वरची हद्द त्यांना ७, तुम्हाला ६.

गंमत अशी की लहानपणी हा फरक नसतो. शाळेतल्या पोरापोरींचं एचडीएल जवळपास सारखंच असतं. मिसरूड फुटायच्या वयात पोरांचं उतरतं, पोरींचं मात्र टिकून राहतं. पुढं बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक ते सांभाळतं, यकृताला वाईट कोलेस्टेरॉल रक्तातून ओढून घ्यायला लावतं आणि मूत्रपिंडाला यूरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बायकांना हृदयविकाराचा पहिला झटका पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षं उशिरा आलेला दिसला. ह्या नऊ वर्षांत इस्ट्रोजेनचा वाटा मोठा आहे, असं मानतात.

म्हणूनच तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. लेकीनं ती जाता जाता लिहिलीय, मला सगळ्यात आधी तीच विचारायची आहे. पिशवी काढली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंचे बीजकोश ठेवले का काढले? इस्ट्रोजेन पिशवीत बनत नाही, बीजकोशात बनतं. तेही काढले असतील तर तुमची सवलत ३४ व्या वर्षीच एका दिवसात संपली. ठेवले असतील तरी पिशवी काढलेल्या बाईत ते जरा लवकर थकतात. आणि पाळीच नसल्यामुळं ते कधी थकले हे कळतही नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. माझ्या ओपीडीत अशा ताया रोज येतात. काय काय काढलं विचारलं, की बहुतेकींचं उत्तर एकच : ‘सगळंच काढलं म्हणले.’ ट्रंकेत तळाला दवाखान्याचा जुना कागद असेल तर शोधा. नसेल तर सोनोग्राफीत बीजकोश दिसतात का पाहता येईल, रक्तातल्या एफएसएच नावाच्या संप्रेरकावरूनही अंदाज येतो.

आता बाकीचे आकडे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या वर, उपाशी साखर १०० च्या वर, एचडीएल ५० च्या खाली : तुमच्या तीन खुणा भरल्या. रक्तदाब १३०/८५ आणि कमरेचा घेर धरून अशा एकूण पाच, त्यातल्या तीन भरल्या की आम्ही त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. शिंप्याचा टेप घेऊन दोघांची कंबर मोजा. इथंही हद्द वेगळी : आपल्याकडं बाईला ८० सेंटिमीटर, पुरुषाला ९०. साडी नेसायच्या जागी नाही, बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध.

एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज; तुमच्या ६.३ वर मात्र माझा पुरता विश्वास नाही. हिमोग्लोबिन ९.८ आहे, बाईला ते १२ तरी हवं. लोह किंवा बी-१२ कमी असलं की एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. तेव्हा ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघा. आणि पाळी जाऊन बारा वर्षं झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन एवढं कमी का, हे शोधायलाच हवं; मूळव्याध, जंत, पोटातला व्रण, का नुसतं सगळ्यांना वाढून उरलेलं खाणं. साखरेचा एवढा पाठपुरावा अशासाठी, की मधुमेह जडला की हृदयविकाराचा धोका बाईत पुरुषापेक्षा जास्त पटीनं वाढतो.

एचडीएल वाढवायची गोळी मागू नका. तशा औषधांनी आकडा वाढला, झटके काही कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड खाली आणा. चहात साखर किती वेळा पडते ते मोजा, ज्वारीची भाकरी एक कमी आणि त्याजागी मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, उपवासाचा साबुदाणा बंद. ऊस तोडायचं थांबल्यावर अंगमेहनत गेली आणि भाकरी तेवढीच राहिली, असं माझ्याकडं येणाऱ्या पुष्कळ घरांत झालंय. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चाला.

एवढ्यात छातीत दाब, पाठीत किंवा जबड्यात कळ, दम, घाम, मळमळ असं काही झालं तर पित्त म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका, त्याच तासाला ईसीजी काढा.

दाजींना सांगा, कागदावर बाण नाही म्हणून हसू नका. तंबाखूचा रकाना त्या कागदावर छापलेलाच नसतो. पत्रात लेकीनं तो विषय काढला नाही, पण डबी खिशात असेलच, असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी दोघं मिळून या, रक्तदाब दोघांचाही मोजू.