दोन स्विच, दोन वेगळी दुखणी: व्हीलॅन ९९ मधला मॅनेजमेंट आयपी का उघडत नाही

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच टोकता येईल. इंदूरच्या पलासियाजवळचं तीन मजली ऑफिस. तळमजल्यावर फायरवॉल आणि पहिला स्विच, दुसऱ्या मजल्यावर दुसरा स्विच, दोघांमध्ये एक ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी आभासी जाळी) एकत्र वाहून नेणारी जोडणी. दोन्ही सिस्कोचे लेअर-टू, म्हणजे एरवी राउटिंग न करणारे स्विच. स्टाफचे पीसी व्हीलॅन १० मध्ये, कॅमेरे २० मध्ये. रविवारी तुम्ही कन्सोलवर (स्विचला थेट केबल लावून) बसून दोन्ही स्विचचे आयपी व्हीलॅन १ मधून उचलले आणि नव्या व्हीलॅन ९९ मध्ये टाकले: पहिल्याला १९२.१६८.९९.११, दुसऱ्याला १९२.१६८.९९.१२. गेटवे, म्हणजे दुसऱ्या जाळ्यांकडे जायचं दार, फायरवॉलवर, १९२.१६८.९९.१. सोमवारपासून तुमच्या टेबलावरच्या पीसीवरून एकही स्विच उघडत नाही. लॅपटॉप पहिल्या स्विचच्या ९९ वाल्या पोर्टात लावला की पहिला उघडतो, दुसरा तिथूनही नाही. बाकी इंटरनेट, बिलिंग, कॅमेरे सगळं सुरळीत, आणि मालक विचारतात, "सगळं तर चालू आहे, मग बिघडलंय काय?" तुम्ही आता दोन्ही स्विच फॅक्टरी रीसेट करायच्या विचारात आहात.

रीसेट करू नका. स्विचला काहीही झालेलं नाही.

लोकांचं काम चालू आहे म्हणजे ट्रंक ठीक, व्हीलॅन ठीक, असा अर्थ तुम्ही काढलाय आणि तिथेच गाडी अडली आहे. स्टाफचा ट्रॅफिक स्विचमधून नुसता आरपार जातो, त्याला स्विचच्या आयपीशी काही देणंघेणं नसतं. स्विचचा आयपी म्हणजे स्विचच्या पोटात बसलेला एक छोटा पीसी समजा. त्या पीसीची अदृश्य केबल व्हीलॅन ९९ मध्ये खोचलेली आहे. कुठल्याही पीसीला लागतं ते सगळं त्यालाही लागतं: जिवंत व्हीलॅन, बरोबर मास्क (आपलं सबनेट कुठवर ते सांगणारा आकडा), आणि दुसऱ्या सबनेटमध्ये, म्हणजे आयपींच्या दुसऱ्या गटात, उत्तर धाडायचं तर गेटवे. सबंध इमारत जोरात धावत असताना हा एकटा बहिरा-मुका बसलेला असू शकतो.

तुमच्याकडे एक बिघाड नाही, दोन आहेत. लॅपटॉपच्या चाचणीनेच ते दाखवून दिलंय, तुम्ही मात्र दोन्हींना एका टोपलीत टाकून बसलात.

आधी पहिला स्विच. ९९ मध्ये बसलेल्या लॅपटॉपला तो उत्तर देतो, १० मधल्या पीसीला देत नाही. म्हणजे पोटातला पीसी जिवंत आहे, आयपी बरोबर आहे, फक्त परक्या सबनेटशी बोलता येत नाही. इथे संशयित दोनच. एक, फायरवॉलवर १० कडून ९९ कडे जायची परवानगीच नाही. दोन, पॅकेट स्विचपर्यंत पोहोचतंय पण स्विचला परतीची वाट ठाऊक नाही. माझा पैसा दुसऱ्यावर. व्हीलॅन १ च्या काळात तुम्ही "आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.१.१" लिहिलेलं असणार. आयपी हलवला, ही ओळ हलवायची राहिली. ती इंटरफेसच्या आत नसते, कॉन्फिगच्या पार तळाशी एकटी पडलेली असते, म्हणून नजरेतून सुटते.

खात्री करायची असेल तर पहिल्या स्विचच्या कन्सोलवरून आधी ९९.१ ला पिंग करा, मग १९२.१६८.१०.१ ला, म्हणजे फायरवॉलच्याच व्हीलॅन १० वाल्या पायाला (इंटरफेसला). पहिलं चाललं आणि दुसरं नाही, तर गेटवेची ओळ बदला, काम झालं. (त्या पायांवर पिंग बंद ठेवलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.) आपल्या टेबलावरच्या विंडोज पीसीला पिंग करून निकाल काढू नका. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल बऱ्याचदा बाहेरच्या पिंगला उत्तरच देत नाही, आणि माणूस तासभर स्विचला शिव्या देत बसतो. मी बसलोय.

दोन्ही पिंग चालले तर मात्र फायरवॉलच्या लॉगमध्ये जा. १० कडून ९९ कडे आलेलं पॅकेट तिथेच अडवलेलं दिसेल.

एक पोटकलम. स्विचवर "आयपी राउटिंग" चालू केलेलं असेल तर डिफॉल्ट-गेटवेच्या ओळीकडे तो ढुंकूनही बघत नाही. तेव्हा "आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.९९.१" असा डिफॉल्ट राउट द्यावा लागतो. लेअर-थ्री (राउटिंगही करणारे) स्विच घेतले आणि जुनं कॉन्फिग जसंच्या तसं चिकटवलं की हे हटकून होतं. आणि याची उलटी गंमतही असते: गेटवे मुळीच लिहिलेला नसताना स्विच वर्षानुवर्षं चालतो, कारण पलीकडचा राउटर प्रॉक्सी आर्पने परक्या सबनेटमधल्या पत्त्यांच्या वतीने स्वतःच उत्तर देत असतो. मग एक दिवस राउटर बदलून फायरवॉल बसतो आणि सगळे नव्या डब्याला दोष देतात.

आता दुसरा स्विच. हा त्याच सबनेटमधल्या लॅपटॉपलाही दिसत नाही, म्हणजे गेटवेचा प्रश्न अजून आलेलाच नाही. लॅपटॉपवरून ९९.१२ ला पिंग करा आणि लगेच "आर्प -ए" (कोणत्या आयपीचा मॅक कोणता ती यादी) बघा. ९९.१२ समोर मॅक ॲड्रेस, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, आला नसेल तर फ्रेम तिथवर पोहोचतच नाहीये, किंवा पोहोचून परत येत नाहीये. दोष लेअर-टू मध्ये, म्हणजे व्हीलॅन आणि ट्रंकमध्ये. मॅक आला पण पिंग नाही, असं असेल तर मामला वेगळा, मास्क आणि ॲक्सेस-लिस्ट तपासा.

मॅक येणार नाही असं मी धरून चालतो. दुसऱ्या स्विचच्या कन्सोलवर "शो आयपी इंटरफेस ब्रीफ" द्या. व्हीलॅन ९९ समोर प्रोटोकॉलच्या रकान्यात "डाउन" दिसलं तर कारण बहुतेक हेच: इंटरफेस बनवला, व्हीलॅन बनवलाच नाही. "इंटरफेस व्हीलॅन ९९" लिहिल्याने तो पोटातला पीसी तयार होतो, खुद्द व्हीलॅन नाही. त्यासाठी कॉन्फिग मोडमध्ये नुसतं "व्हीलॅन ९९" वेगळं लिहावं लागतं. आणि व्हीलॅन असूनही त्यात निदान एक पोर्ट चालू आणि स्पॅनिंग-ट्रीत (लूप टाळायला काही पोर्ट अडवून ठेवणारी व्यवस्था) फॉरवर्डिंग लागतो, ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचा) असो वा ट्रंक. एकही नसेल तर इंटरफेस वर येतच नाही.

मग "शो इंटरफेसेस ट्रंक". या आउटपुटवर जरा थांबा, सगळं पाणी इथेच मुरतं. त्यात एकाखाली एक चार तुकडे येतात. पहिल्यात पोर्ट, मोड आणि नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर टॅगशिवाय जाणारा). दुसऱ्यात ट्रंकवर कोणत्या व्हीलॅनना परवानगी आहे ती यादी. तिसऱ्यात परवानगी असलेल्यांपैकी या स्विचवर खरोखर अस्तित्वात असलेले. चौथ्यात त्यातले स्पॅनिंग-ट्रीत फॉरवर्डिंग असलेले आणि प्रूनिंगने (पलीकडे नको असलेले व्हीलॅन ट्रंकवरून आपोआप काढणं) न छाटलेले. ९९ कुठल्या तुकड्यापासून गळला ते बोट ठेवून बघा. दुसऱ्यातच नसेल तर ट्रंकची यादी अपुरी. दुसऱ्यात आहे, तिसऱ्यात नाही, तर व्हीलॅन बनवलेला नाही. तिसऱ्यात आहे, चौथ्यात नाही, तर स्पॅनिंग-ट्री किंवा प्रूनिंग. तिसऱ्या तुकड्याच्या मथळ्यात "मॅनेजमेंट डोमेन" असे शब्द येतात, त्याने हुरळू नका. ते व्हीटीपीचं (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारी सिस्कोची सोय) डोमेन आहे, तुमच्या मॅनेजमेंट व्हीलॅनशी त्याचा संबंध नाही. नवी मुलं त्यात ९९ बघून "मॅनेजमेंट तर चालू आहे की सर" म्हणतात.

ही कमांड ट्रंकच्या दोन्ही टोकांना द्यायची. तुमच्याबाबतीत मला वाटतं, पहिल्या स्विचच्या ट्रंकवर पूर्वीच कोणीतरी "१०,२०" एवढीच यादी बांधून ठेवली आहे. म्हणून स्टाफ आणि कॅमेरे वरच्या मजल्यावर व्यवस्थित, आणि ९९ जिन्यातच अडकला.

आता ती यादी दुरुस्त करताना हात सांभाळा. "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ९९" असं लिहायचं. "ॲड" राहिलं तर जुनी यादी पुसली जाते आणि ट्रंकवर एकटा ९९ उरतो. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. पीथमपूरच्या एका कारखान्याचं काम होतं, पावसाळा, रात्रीचे साडेआठ. इंदूरला घरी बसून रिमोटवर होतो, बायको ताट वाढून हाका मारत होती, आणि "आलोच, एवढी एक ओळ" म्हणत मी ती ओळ "ॲड"शिवाय मारली. त्या काळी मी स्वतः व्हीलॅन १ मधून आत गेलेलो. कर्सर गोठला. दोन मिनिटांनी फोन: वजनकाट्याचा कंप्युटर बंद, गेटवर ट्रक उभे. पावसात स्कूटरवरून पीथमपूर, डिकीत कन्सोल केबल, लॅपटॉप पोटाशी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. दुरुस्ती एका ओळीची. जाणं-येणं धरून रात्रीचा एक वाजला, आणि ते ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं.

तेव्हापासून लांबून ट्रंकला हात लावायच्या आधी मी "रीलोड इन १०" मारतो. चूक झाली आणि आपण बाहेर फेकलो गेलो, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह असलेलं जुनं कॉन्फिग घेऊन उठतो. सगळं नीट झालं तर "रीलोड कॅन्सल", मगच सेव्ह. यात दोन गोष्टी सांभाळायच्या: खात्री होईपर्यंत "राइट" (सेव्हची कमांड) मारायचं नाही, आणि कॅन्सल करायला विसरायचं नाही, विसरलात तर भर दुपारी अख्खा मजला बसेल. तुम्ही तर कन्सोलवर आहात, तुम्हाला तेवढी भीती नाही, तरी सवय लावून घ्या.

कन्सोलवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या स्विचवर कन्सोल कधी येतो, कधी काळी स्क्रीन. पुट्टीमध्ये (स्विचशी बोलायचा विंडोजवरचा प्रोग्राम) वेग ९६०० ठेवा, फ्लो कंट्रोल "नन", आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर प्रत्येक वेळी बघा. यूएसबीचं भोक बदललं की नंबर बदलतो. जोडल्यावर दोनदा एंटर मारा, स्विच स्वतःहून काही बोलत नाही. तरीही काळी स्क्रीन राहिली तर केबल बदला. जेलरोडला मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी-सिरीयल केबलींमध्ये नकली चिप फार, आणि विंडोजचा नवा ड्रायव्हर त्यांना ओळख देत नाही. दोनशे रुपये वाचवून आपले इंदुरी भिया (भाऊ) लोक अख्खा रविवार घालवतात.

पिंग दोन्हीकडे सुरू झाल्यावरही पुट्टीने एसएसएच (लांबून लॉगिन) उघडलं नाही, आणि लगेच "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं, तर व्हीटीवायच्या, म्हणजे लांबून येणाऱ्या लॉगिनच्या, ओळी बघा. तिथे जुनी ॲक्सेस-क्लास असेल, फक्त १९२.१६८.१.० ला आत सोडणारी. व्हीटीवाय ० ते ४ आणि ५ ते १५ असे दोन गट वेगळे लिहिलेले असतात, दोन्ही दुरुस्त करा.

तिसऱ्या मजल्यावर तुम्ही वेब-मॅनेज्ड स्वस्त स्विच लावणार आहात म्हणालात, म्हणून आताच सांगून ठेवतो. तिथे "ट्रंक", "ॲक्सेस" असे शब्द सापडणार नाहीत. टॅग्ड, अनटॅग्ड आणि पीव्हीआयडी सापडतील. अनटॅग्ड ठरवतं की फ्रेम बाहेर जाताना टॅग (तिच्यावरची व्हीलॅन क्रमांकाची चिठ्ठी) काढायचा. पीव्हीआयडी ठरवतं की टॅगशिवाय आत आलेली फ्रेम कोणत्या व्हीलॅनची मानायची. पोर्ट ९९ मध्ये अनटॅग्ड केला पण पीव्हीआयडी १ च राहिला, तर स्विचचं बोलणं तुमच्यापर्यंत येतं, तुमचं त्याच्यापर्यंत जात नाही. दोन्ही ९९ करा. आणि मॅनेजमेंट व्हीलॅन बदलायचं पान अगदी शेवटी उघडा, ९९ मध्ये लावलेला लॅपटॉप हाताशी तयार असताना.

एचपीचे प्रोकर्व्ह कधी हाती आले तर त्यांची "मॅनेजमेंट-व्हीलॅन" ही कमांड नावाला भुलून मारू नका. ती त्या व्हीलॅनचं राउटिंगच तोडते. मग फक्त त्याच व्हीलॅनमध्ये बसलेला माणूस आत जाऊ शकतो, गेटवे कितीही बरोबर असला तरी. बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे ती. पण पहिल्यांदा भेटते तेव्हा घाम फुटतो.

तुमच्या कामाचा क्रम असा ठेवा: आधी दुसऱ्या स्विचवर व्हीलॅन ९९ आहे का ते, मग ट्रंकच्या दोन्ही टोकांना "ॲड ९९", मग दोन्ही स्विचवर गेटवेची ओळ, आणि तुमच्या टेबलावरून पिंग. दुसऱ्या स्विचवरही गेटवे जुनाच असणार, तो आत्ता फक्त ट्रंकच्या दुखण्याआड लपलाय; त्यामुळे ट्रंक सुटल्यावर लॅपटॉपवरून उघडला आणि पीसीवरून नाही उघडला, तर घाबरून मागे फिरू नका.

एवढं करूनही अडलं तर दोन्ही स्विचचं "शो इंटरफेसेस ट्रंक" आणि "शो आयपी इंटरफेस ब्रीफ" पूर्ण टाका, आणि "शो रन" मधली डिफॉल्ट-गेटवेची ओळ. पासवर्डच्या ओळी काढून टाका, आणि फोटो नको, मजकूर कॉपी करून द्या. गेल्या वेळी तुमच्या स्क्रीनच्या फोटोत ट्यूबलाइटच जास्त दिसत होती.