तो १ कुठून आला?

प्रिय ताई,
मी गणित घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत गणिताचा पेपर सगळ्यांत आधी देऊन बाहेर पडणारी मीच. यंदा रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसमधली प्रत्येक गोष्ट काटेकोर सिद्ध करायचा विषय, सुरू झालं आणि सगळं बिघडलं. परवा ‘क्षचा वर्ग’ हे फंक्शन २ पाशी कंटिन्युअस आहे, म्हणजे तिथे कुठे तुटत नाही, हे सिद्ध करायचं होतं. पुस्तकातली पहिलीच ओळ : ‘डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतली लहान संख्या घ्या.’ घ्या म्हणजे काय? तो १ कुठून आला? ५ कुठून आला? वर्गात सगळ्यांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. शेजारची मैत्रीण तर मान डोलावत होती. घरी येऊन मी दोन तास त्या ओळीकडे बघत बसले आणि शेवटी रडले. आता वही उघडायचीही इच्छा होत नाही. घरचे म्हणतात, ‘तुला तर गणित सोपं जातं.’ माझी बुद्धी इथवरच होती का? सोडून देऊ का?
– वही मिटून बसलेली

वही मिटून बसलेल्या मुली,

आधी तो १ निकालात काढू, तुझी समजूत नंतर घालते. डोक्यात १ अडकलेला असताना कुणी धीर दिला तर नुसती चिडचिड होते.

आपल्याला हवंय काय? क्षचा वर्ग आणि ४ यांच्यातलं अंतर एप्सिलॉनपेक्षा, म्हणजे समोरच्यानं दिलेल्या कितीही लहान धन संख्येपेक्षा, कमी राहायला हवं. ते अंतर म्हणजे (क्ष वजा २) गुणिले (क्ष अधिक २), केवलमूल्य घेऊन, म्हणजे ऋण चिन्ह असलं तर ते सोडून. यातला पहिला तुकडा आपल्या ताब्यात आहे, कारण क्षला २ च्या किती जवळ ठेवायचं ते डेल्टाच ठरवतो. भानगड आहे ती दुसऱ्या तुकड्याची. क्ष मोकाट सुटला तर क्ष अधिक २ कितीही मोठा होईल. म्हणून आधी क्षला दावं बांधायचं : २ पासून १ पेक्षा लांब जायचं नाही. मग तो १ आणि ३ यांच्या मध्येच चरणार आणि क्ष अधिक २ हा ५ च्या आत राहणार. सापडला ५! आता पहिला तुकडा एप्सिलॉन भागिले ५ पेक्षा लहान ठेवला, की गुणाकार एप्सिलॉनच्या आत आला. दोन्ही अटी एकदम पाळायच्या, म्हणून दोहोंतली लहान संख्या. त्या १ मध्ये जादू काही नाही, ती नुसती दाव्याची लांबी आहे. अर्धा घेतलास तरी चालेल. मग ५ च्या जागी साडेचार येतील.

हे ज्यानं लिहिलं त्यानंही ते खालून वर केलेलं असणार. शेवटी काय हवं ते आधी मांडलं, तिथून मागे मागे आला, काही ठिकाणी खोडलं, आणि डेल्टा त्याला सगळ्यांत शेवटी सापडला. मग त्यानं पक्की वही काढली आणि शेवटी सापडलेली वस्तू पहिल्या ओळीत नेऊन बसवली. कच्चं पान गेलं टोपलीत. तू दोन तास ज्या ओळीकडे बघत बसलीस ती कुणाच्या तरी कामाची शेवटची ओळ होती. तिथून सुरुवात करता येत नाही म्हणून रडलीस, यात तुझ्या बुद्धीचा काय दोष? गणिताची पुस्तकं अशी का लिहितात याचं कारणही समजण्यासारखं आहे : सुलटी सिद्धता तपासायला सोपी जाते. पण शिकणाऱ्याला निदान एकदा तरी कच्चं पान दाखवावं, असं मला फार वाटतं. असो.

आता ‘इच्छा होत नाही’ याकडे येते. शाळेत आपण जिला गणिताची आवड म्हणतो, तिच्यातला बराच भाग बरोबर उत्तराच्या आवडीचा असतो. फळ्यावर एक गणित सोडवून दाखवायचे, त्याच साच्याची दहा घरी. हात चालला, उत्तर जुळलं, शाबासकी मिळाली. त्या शाबासकीवर तू इतकी वर्षं चाललीस आणि आता एकाएकी ती बंद झाली. इथे एका प्रश्नाला अख्खी संध्याकाळ जाते आणि शेवटी उत्तर म्हणून काही आकडाही हाती लागत नाही, फक्त ‘सिद्ध झालं’. मन रुसणारच. त्याला दुसरी कसली तरी गोडी लागेपर्यंत थोडे दिवस नुसत्या सवयीवर काढावे लागतील. इच्छा परत येण्याची वाट बघत वही मिटून बसलीस तर ती येणार नाही, कारण ती येते काहीतरी उलगडल्यावर. वरचा १ उलगडला तेव्हा तुला थोडं तरी बरं वाटलं की नाही?

शिवाय ही एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या साऱ्या माणसांनाच जड गेलेली आहे. न्यूटन आणि लायबनिझ यांनी कॅल्क्युलस उभं केलं ते सतराव्या शतकात. उत्तरं बरोबर येत होती, पण ‘अतिसूक्ष्म’ म्हणजे नेमकं काय, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. १७३४ साली बर्कली या पाद्र्यानं या अतिसूक्ष्म राशींची मेलेल्या राशींची भुतं म्हणून टर उडवली, आणि गणितींकडे त्यावर पक्कं उत्तर नव्हतं. कोशी या फ्रेंच गणितीनं १८२१ च्या आपल्या पुस्तकात लिमिटला, म्हणजे एखादी राशी ज्या किमतीच्या जवळ जवळ जाते त्या कल्पनेला, पाया दिला, आणि तुझ्या वहीत आहे तशी काटेकोर मांडणी व्हायला त्यानंतर वायरश्ट्रास या जर्मन गणितीपर्यंत थांबावं लागलं. दीडशे वर्षांहून जास्त काळ मोठमोठ्या डोक्यांना जे शब्दांत पकडता आलं नाही, ते तुझ्या अभ्यासक्रमात किती तासांत उरकलं असेल ते तूच मोज.

मरियम मिर्झाखानी या इराणी गणितीचं नाव ऐकलं असशील. २०१४ साली तिला फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सगळ्यांत मोठ्या मानाच्या पुरस्कारांपैकी एक, मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली स्त्री. शाळेत असताना एका वर्षी ती गणितात मागे पडली होती. शिक्षकांना तिच्यात काही विशेष दिसलं नाही, आणि तिचाही त्या विषयातला रस गेला. पुढे मोठी गणिती झाल्यावरही ती स्वतःला संथ म्हणवायची. जमिनीवर मोठाले कागद पसरून त्यावर पुन्हा पुन्हा त्याच त्या आकृत्या काढत बसायची. तिच्या लहान मुलीला वाटायचं, आई चित्रं काढतेय. ते सगळं कच्चं पानच की! तू फील्ड्स पदक मिळवशील असं काही मी म्हणत नाही. मला त्या जमिनीवरच्या कागदांचं कौतुक आहे.

माझंही सांगते, कारण मी काही साळसूद नव्हते. तुझ्या वयात मी ही सिद्धता घोकली होती, स्वल्पविरामासकट. परीक्षेत २ च्या जागी ३ आला आणि मी ५ तसाच ठेवून आले. हवे होते ७. पेपर हातात आला तेव्हा त्या ५ भोवती लाल गोल होता आणि बाजूला प्रश्नचिन्ह. तुझ्या वर्गात मुकाट्यानं उतरवून घेणारे जे आहेत ना, त्यांच्यातलीच मी. तू मात्र ‘घ्या म्हणजे काय?’ असं विचारलंस.

म्हणून मैत्रिणीची मान डोलली याचा फार अर्थ लावू नकोस. तिला सरळ विचार, ‘तो १ कुठून आला ग?’ तिला येत असेल तर ती सांगेल, तुझं काम झालं. येत नसेल तर दोघी मिळून बसा. दुसऱ्याला समजावताना आपली भोकं जितकी लख्ख दिसतात, तितकी एकटीनं वाचताना दिसत नाहीत.

आणखी एक शंका आहे. अ‍ॅनालिसिसमध्ये अडलेली बरीच मुलं खरं तर अ‍ॅनालिसिसमध्ये अडलेली नसतात. केवलमूल्य आणि असमता (‘पेक्षा लहान’, ‘पेक्षा मोठं’ अशी विधानं) यांत हात बसलेला नसतो. त्रिकोणी असमता (बेरजेचं केवलमूल्य केवलमूल्यांच्या बेरजेपेक्षा मोठं नसतं) कुठे लावायची, दोन्ही बाजूंना ऋण संख्येनं गुणलं की चिन्ह का उलटतं, हे चटकन सुचत नाही, आणि सगळं खापर एप्सिलॉनवर फुटतं. आठवडाभर लाज न बाळगता मागच्या इयत्तांची पुस्तकं काढ आणि फक्त असमता सोडव. उत्तर जुळल्याची जुनी मजाही जरा मिळेल. तिची तुला सध्या गरज आहे.

रोज ४५ मिनिटं बस, दोन तास नको. सिद्धता वाचून झाली की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर ती स्वतः उभी करायची. जिथे पेन थांबेल तिथे ‘इथे अडले, कारण…’ अशी एक ओळ लिही. ‘काहीच कळत नाही’ असं लिहायला बंदी. ‘५ कुठून आला ते कळत नाही’ हे चालेल, कारण ते घेऊन शिक्षकांकडे जाता येतं. आणि उठताना, पुढची पायरी माहीत आहे अशाच जागी थांब, म्हणजे दुसऱ्या दिवशी वही उघडणं जिवावर येणार नाही.

घरच्यांना सांग की आता अवघड जातंय. एवढंच सांग. ‘सोपं जातं’ हा त्यांनी कौतुकानं दिलेला शिक्का आहे, पण त्याचं ओझं तू वाहते आहेस.

सोडायचं का, याचं उत्तर मी देणार नाही, आणि रडून उठलेल्या संध्याकाळी तूही देऊ नकोस. गणित सोडणं हे पाप नाही. सोडून सुखी झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण आपल्याला गणित नकोसं झालंय की मठ्ठ वाटणं नकोसं झालंय, हे आधी तपास. तुझ्या पत्रात स्वतःविषयीचे प्रश्न शेवटी आले, आणि त्यांच्या आधी १ आणि ५ कुठून आले ते आलं. विषयातून मन पार उठलेल्या माणसाला ५ कुठून आला याचं काही पडलेलं नसतं.

आता वही उघड आणि वर्गाच्या जागी घन घे, २ पाशीच. क्षचा घन वजा ८ याचे अवयव पाड. दावं १ चंच राहू दे. ५ च्या जागी काय येतं ते मला कळव, आणि कच्चं पान सोबत जोड, खाडाखोडीसकट.

– ताई