दातात साठलेला पाऊस

प्रश्न : जमिनीत सापडलेल्या गुराच्या जुन्या दातावरून त्या काळचे हवामान कसे समजते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दाताचे एनॅमल, म्हणजे त्यावरचे कठीण आवरण, एकदा घडले की पुन्हा बदलत नाही आणि मातीतही ते हाडापेक्षा चांगले टिकते, त्यामुळे ते घडताना जनावराने खाल्लेल्या चाऱ्याची व प्यालेल्या पाण्याची नोंद त्यातील स्थिर समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या, काळानुसार न बदलणाऱ्या अणूंच्या) प्रमाणात राहून जाते. ज्वारीचा कडबा आणि उसाचे वाढे यांत कार्बन-१३ हा कार्बनचा जड समस्थानिक भाताच्या पेंढ्यापेक्षा अधिक असतो, म्हणून आपल्याकडची म्हैस कशावर पोसली गेली हे तिचा दात सांगू शकतो. ऑक्सिजनची गोष्ट मला अधिक रंजक वाटते. जोरदार मोसमी पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक सहसा कमी असतो, तर उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यात तो वाढतो. आणि एनॅमल टोकाकडून मुळाकडे कित्येक महिने घडत जात असल्याने, दातावर ओळीने खरवडून घेतलेल्या नमुन्यांतून ऋतुचक्र उलगडते. मात्र पहिली दाढ आईच्या दुधाच्या काळात घडते व फसवू शकते, म्हणून अभ्यासक शक्यतो तिसरी दाढ निवडतात. पंचगंगेच्या काठी असा दात दिसलाच, तर तो उपसू नये. मातीचा थर हरवला की त्याचा काळ ठरवणे फार अवघड होते.